बर्फ आहे तोवर मटण नाही

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, काका, तुम्ही इतकी वर्षं मटणाच्या काउंटरवर काढली, तर गोठलेलं मटण घरच्या घरी पटकन कसं डीफ्रॉस्ट करायचं त्यावर लिहा. लोकांना उपयोगी पडेल. पानभर पुरे. मी म्हटलं, मी सातवी नापास माणूस, पान भरायला मला महिना लागेल. तर म्हणाल्या, बोलता तसं लिहा. म्हणून बोलतो तसं लिहितोय. जास्त झालं तर कापाकापी त्यांनी करावी. मी जन्मभर तेच केलं.

आधी कामाचं सांगून मोकळा होतो. सगळ्यात चांगली रीत म्हणजे पाकीट खोलगट ताटलीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं आणि विसरून जायचं. रात्रभर लागतं, मोठा गोळा असला तर दुसरा दिवसही. घाईची रीत म्हणजे गार पाणी. पिशवीचं तोंड पक्कं बंद पाहिजे, पाणी आत गेलं की चव बाहेर आली समजा. पातेल्यात बुडवायचं, वर काहीतरी जड ठेवायचं, कारण ते तरंगतं, आणि अर्ध्या तासानं पाणी बदलायचं. लहान पाकीट तासाभरात सुटं होतं. सुटलं की लगेच चुलीवर, मग थांबायचं नाही. गरम पाणी घालायचं नाही. वरचं मांस कोमट होऊन नासायला लागतं आणि आत दगड तसाच राहतो. ओट्यावर सकाळपासून ठेवून ऑफिसला जायचं नाही, त्याचंही तेच होतं. मायक्रोवेव्ह करायचाच तर थोडा थोडा, मधे उलटवून. आणि अगदीच वेळ नसेल तर बर्फासकट कुकरमध्ये टाका, शिट्ट्या दीडपट घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी पान उलटलं तरी चालेल.

मी लिहायला बसलो तो एका गुरुवारासाठी. माझी बायको हौसा गेली, त्याला अजून वर्ष झालं नाही. त्या गुरुवारी तिच्या तोंडानं पोटात काही जातंय की नाही एवढाच प्रश्न होता. नाहीतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिच्या पोटाला भोक पाडून ट्यूब बसवायची ठरली होती. तिला ती नको होती. आणि मटण गॅरेजच्या फ्रीजरमध्ये विटेसारखं पडलं होतं.

पण आधी धंदा कळायला पाहिजे, त्याशिवाय त्या दिवसाचं कळणार नाही.

आमचं दुकान विट्याला, बाजारपेठेच्या मागं. बापाचं, त्याच्या बापाचं. तिथं मटणाला बर्फ कधी लागला नाही. सकाळी बकरं पडायचं, दुपारपर्यंत हूक रिकामे. उरलं तर आमच्या घरात शिजायचं. गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगायचं, मांडीतलं दे, चरबी काढ, नळी फोडू नको. मग मुलगा महेश इकडं अमेरिकेत आला, इथला सिटिझन झाला आणि आम्हा दोघांना त्यानं टेक्सासात प्लेनोला आणलं. दोन महिने घरात बसून मला वेड लागायची पाळी आली. हायवेच्या कडेला एक देशी किराणा दुकान आहे, त्याच्या मागच्या अंगाला मटणाचं काउंटर होतं. माणूस पाहिजे अशी पाटी बघितली आणि सुरी मागितली.

इथं बकरं येतं तेच ऑस्ट्रेलियाहून, गोठलेलं. खोक्यात, कापडी पिशवीत, चारी पाय पोटाशी घेऊन, लाकडासारखं कडक. ते तसंच करवतीवर कापायचं. विजेवर चालणारी उभी करवत असते, तिच्यावर मांस ढकललं की भुसा उडतो. जन्मभर मटण कापलं, पण त्याचा भुसा पडलेला कधी बघितला नव्हता. हाताला वास नाही, रक्त नाही, बोटं तेवढी बधिर. हौसा म्हणायची, तुमच्या अंगाला आता सुताराचा वास येतोय.

मालक गुजराती, पक्का शाकाहारी. मटणाच्या नफ्यावर त्याचं सगळं दुकान चालायचं, पण माणूस कधी डाळींच्या रांगेपलीकडे आला नाही. मला काही सांगायचं तर पुढच्या गल्ल्यावरून फोन करायचा. आम्ही एका छताखाली फोनवर बोलायचो. मी एकदा म्हटलं, शेठ, एकदा येऊन बघा तरी, स्वच्छ ठेवतो मी. तर म्हणाला, काका, आप है ना, फिर मुझे क्यों देखना है.

गिऱ्हाईक सगळं आपलंच. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, कोल्हापूरचे, हैदराबादचेही. आणि मराठी माणसाचा प्रश्न ठरलेला. काका, हे पटकन कसं होईल? मी फ्रीजची रीत सांगायचो. रात्रभर ठेवा, उद्या करा. की लगेच तोंड पडायचं. उद्या सोमवार आहे काका. उद्या गुरुवार. परवा चतुर्थी.

इथली माणसं म्हणतात तुम्ही लोक प्लॅनिंग करत नाही. प्लॅनिंग कुठून करणार. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. मधे उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. शुक्रवारी खायचं तर गुरुवारी ते फ्रीजमध्ये सुटायला ठेवावं लागणार, म्हणजे गुरुवारी घरात ओलं मटण, त्याच फ्रीजमध्ये देवाचं दूध. ते चालत नाही. गोठलेलं मात्र चालतं. गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये बाराही महिने बकरा झोपलेला असतो, त्याच्या भिंतीपलीकडच्या खोलीत देवघर, आणि कुणाचं काही म्हणणं नसतं. बर्फ आहे तोवर ते मटण नाही. पाणी सुटलं की मटण.

हा नियम कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही. इकडंच तयार झाला असणार, कारण विट्याला ना फ्रीजर होता ना हा प्रश्न. पण घरोघरी हाच आहे. म्हणून सगळ्यांना मटण सकाळी दगड आणि दुपारी रस्सा पाहिजे.

नागपूरचे एक गृहस्थ होते, बौद्ध समाजाचे, कॉलेजात शिकवायचे. ते मुद्दाम गुरुवारी यायचे. म्हणायचे, आमच्यात वारबिर नाही काका, आणि आज तुमच्याकडं गर्दी नसते. एकदा मी त्यांना हा बर्फाचा नियम सांगितला. ते गोठलेलं खिम्याचं पाकीट हातात धरून म्हणाले, म्हणजे बर्फ असला की देवाला दिसत नाही का? मी म्हटलं, साहेब, मला विचारू नका, मी घरी गेल्यावर मलाही वरणभातच आहे. ते हसले. त्या वेळी मीही हसलो.

घाईपायी लोकांनी काय काय केलं ते ऐका. एक पोरगा ऐन उन्हाळ्यात पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून ऑफिसात गेला. टेक्सासचं ऊन फुकट आहे म्हणाला. संध्याकाळी गाडी उघडली तर त्याला फुटपाथवर बसावं लागलं. गाडीतला वास दिवाळीपर्यंत होता, बायको मागच्या सीटवर बसायची. दुसऱ्या एकानं पाकीट डिशवॉशरमध्ये वरच्या कप्प्यात लावलं, वाट्यांच्या शेजारी. एका बाईनं केस वाळवायचं यंत्र लावलं आणि ते जळालं. आणि मायक्रोवेव्हवाले तर रोजचे. एकजण अर्धं शिजलेलं पाकीट परत घेऊन आला.

"काका, तुमचं मटण खराब आहे. बघा, कडा रबरासारख्या झाल्यात."

"कडा शिजल्यात."

"आणि मधे?"

"मधे ऑस्ट्रेलिया आहे."

तो त्याच पाकिटाबरोबर आणखी एक घेऊन गेला.

शहाणपण फक्त माझ्याकडंच होतं असं कुणी समजू नये. बेलव्ह्यूहून बदली होऊन आलेली एक मुलगी होती, कंप्युटरवाली. तिनं मला शिकवलं की पातळ पाकीट दोन ॲल्युमिनियमच्या पातेल्यांच्या मधे ठेवा, वरच्यात पाणी भरा, धातूतून गारवा लवकर उतरतो. मी मनात म्हटलं, पोरगी वेडी आहे. घरी करून बघितलं तर चापचं, म्हणजे बरगड्यांचं, पाकीट अर्ध्या वेळात सुटलं. हौसाला दाखवलं. ती म्हणाली, "एवढं शिकल्याली पोरगी, आन् मटणावर पातेली ठिवती. नवरा बरा हाय न्हवं तिचा?"

हौसाला ह्या देशाची चव कधी लागली नाही. बर्फाचं मटण तिला बर्फाचंच लागायचं. तरी करायची, चांगलं करायची. आणि गुरुवार मात्र कडक. आम्ही मटणवाले, पण माझ्या घरात गुरुवारी अंडं फुटलं नाही. हा गुरुवार तिनं महेशच्या व्हिसासाठी धरला होता. पहिल्यांदा त्याला नाकारलं, तेव्हा ती गावच्या दत्ताच्या देवळात जाऊन बोलली की माझ्या पोराला अमेरिकेला जाऊ दे, मी जन्मभर गुरुवार धरीन. पुढच्या खेपेला त्याला मिळाला. मग धरला तो धरला, दिवसभर उपास, रात्री वरणभात. इथं आल्यावर सुनेलाही लावला. अश्विनी पुण्याची, तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. पण पोरीनं सासूचा शब्द ठेवला. दर गुरुवारी पिवळी फुलं आणायची, डाळ शिजवायची. हे मी तिच्या बाजूनं लिहितोय, पुढं वाचताना ध्यानात ठेवा.

हौसाला आजार झाला तो अन्नाच्या वाटेचा. घास उतरेना. औषधांनी तोंडाला लोखंडाची चव यायची म्हणायची. पाणी लोखंड, भात लोखंड. मी काउंटर सोडलं. खालच्या मजल्यावरची पाहुण्यांची खोली तिला दिली होती. खिडकीतून शेजाऱ्याचं कुंपण दिसायचं, बाकी काही नाही. दिवसभर एक माणूस रस्त्यानं जाताना दिसायचा नाही. विट्याला आमच्या दारात बसलं की तासाभरात सगळा गाव डोळ्यांखालून जायचा. इथं ती कुंपण बघत पडून असायची. मी वाटी घेऊन बसायचो, ती तोंड फिरवायची. डॉक्टरीण म्हणाली, खात नाहीत तर ट्यूब बसवू, त्याशिवाय पुढचं औषध सोसणार नाही. महेशनं कागदावर सही केली. शुक्रवार सकाळ ठरली.

गुरुवारी दुपारच्या आत हौसा म्हणाली, "अवो, अळणी द्या मला."

मी म्हटलं, "काय?"

"अळणी. मटणाचं. नळी घाला दोन."

इकडच्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मटण आलं-लसूण, हळद, मीठ लावून थोड्या तेलावर परतायचं, पाणी घालून शिजवायचं, आणि तिखट पडायच्या आधी वरचं पाणी काढून घ्यायचं. ते अळणी. नाव अळणी पण मीठ असतं, तिखट तेवढं नसतं. बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात. कित्येक आठवड्यांत तिनं तोंडानं काही मागितलं नव्हतं. मी गॅरेजकडं निघालो तो पळतच.

फ्रीजरमध्ये होतं ते वाट्याचं मटण. महेश आणि त्याचे तीन मित्र मिळून एक बकरा घेतात, जाड जाड पाकिटं करून ठेवतात, पार्टीच्या मापाची. हौसाला पाहिजे होत्या त्या नळ्या एका पाकिटाच्या मधोमध, खालीवर मांस, सगळा एक गोळा. कुकरमध्ये बर्फासकट टाकावं तर गोळा कुकरच्या तोंडातून आत जाईना. करवत दुकानात राहिली. सुरी लावली तर ती घसरली.

अश्विनी घरून काम करायची. कानाला हेडफोन लावून गॅरेजच्या दारात आली.

"अण्णा, काय शोधताय?"

"हौसाला अळणी पाहिजे."

ती म्हणाली, "अण्णा, आज गुरुवार आहे."

"मला माहीत आहे."

"आईंना लक्षात नसेल. औषधांनी त्यांना वार कळत नाहीत. नंतर कळलं तर त्यांनाच किती त्रास होईल. इतकी वर्षं धरलाय त्यांनी."

"पोरी, तिनं मागितलंय."

"मी महेशला कॉल करते."

महेश फोनवर आला. मागं ऑफिसातली माणसं बोलत होती. म्हणाला, "अण्णा, उद्या शुक्रवारच आहे ना. प्रोसीजर झाली की उद्या संध्याकाळी करू. आय प्रॉमिस."

मी म्हटलं, "उद्या ट्यूब बसल्यावर ती तोंडानं खाणार आहे का?"

"डॉक्टर म्हणाली थोडं थोडं चालेल."

"तिची भूक आज आहे. तुझ्या डॉक्टरणीला विचार, उद्या राहील का."

तो म्हणाला, "अण्णा, मी मीटिंगमधून बाहेर आलोय, अश्विनीशी बोला तुम्ही." आणि फोन ठेवला. मी त्याला फार शिव्या दिल्या, मनातल्या मनात. लहानपणी ज्वारीची भाकरी खाऊन आणि अळणी पिऊन मोठा झालेला पोरगा.

अश्विनी तिथंच उभी होती. म्हणाली, "किचनमध्ये नको, अण्णा. बाहेर ग्रिलला साइड बर्नर आहे, तिथं कुकर लावा. आणि मटण इथं लॉन्ड्री सिंकमध्ये." तिनं वाट काढली. मला तेव्हा ती वाट नको होती, मला भांडण पाहिजे होतं. पण भांडायला वेळ नव्हता.

गॅरेजात कपडे धुवायच्या यंत्राशेजारी खोल सिंक आहे. त्यात गार पाणी सोडलं, पाकीट दुसऱ्या पिशवीत घालून बुडवलं, वर साबणाचा डबा ठेवला. जुलैचा महिना, गॅरेज भट्टीसारखं, आणि सिंकमध्ये हात घातला की हाडं दुखायची. पाणी लगेच बर्फासारखं व्हायचं. मी काढायचो, नवीन भरायचो.

आतून हाक यायची. "झालं का?"

"होतंय."

"लवकर करा. जाईल."

भूक जाईल म्हणायची होती तिला. मलाही तीच भीती होती. कित्येक वर्षं काउंटरवर उभा राहून मी लोकांना सांगितलं, घाई करू नका, गरम पाणी घालू नका. त्या दिवशी गरम नळावर माझा हात दोनदा गेला.

अश्विनी परत आली. कानाला हेडफोन तसेच, मीटिंग चालूच, आवाज बंद केलेला. सिंकजवळ येऊन उभी राहिली.

"अण्णा, तुम्ही आईंजवळ बसा. मी पाणी बदलते. गरम टाकू का?"

"गरम नको. आजारी माणसाला द्यायचंय."

"ओके."

मी खोलीत गेलो, परत आलो, तर तिनं दोन ॲल्युमिनियमची पातेली आणून ठेवली होती. म्हणाली, आईंनी सांगितलं होतं एकदा, तुम्ही असं करता. गोळा जाड होता, पातेल्यांनी तो सुटला नसता. पण बाहेरचा थर पाण्यात मऊ झाला, तसे मी हातानं तुकडे ओढून काढले, ते तिनं पातेल्यांत दाबले. मी ओढायचो, ती दाबायची. मधेच ती आवाज चालू करून इंग्रजीत काहीतरी बोलायची, यस, विल डू बाय टुमॉरो, आणि परत बंद करायची. तिच्या ओढणीला रक्ताचं पाणी लागलं. गुरुवारी. तिनं ते बघितलं आणि पुढचा तुकडा दाबला.

नळ्या सुटल्या. बाहेर कुकर लावला. वाफेचा वास कुंपणापर्यंत गेला असणार. शिट्ट्या मोजायचं भान राहिलं नाही, वासावर उतरवला. वरचं पाणी एका वाटीत, नळी दुसऱ्या वाटीत.

खोलीत गेलो तर हौसा उशीला टेकून बसली होती. आपली आपण उठून बसली होती. म्हणाली, "अश्विनी कुठं हाय?"

"कॉलवर."

"दार लावा."

मी दार लावलं. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली, वास घेतला आणि विचारलं, "आज वार कुठला?"

मी म्हटलं, "बुधवार."

"खोटं बोलू नगासा. सकाळी पिवळी फुलं आणल्याली मला दिसली."

मी म्हटलं, "औषध म्हणून घे. औषधाला वार नसतो."

"औषध न्हाई. गुरुवार हाय म्हणूनच मागितलं." तिनं एक घोट घेतला. उतरला. "लई येळ लावला तुमी. मला वाटलं शुक्रवार उजाडंल."

मी खाली बसलो.

ती वाटीकडं बघत बोलत होती, माझ्याकडं नाही. "कशापायी धरला हुता म्या? पोरगं अमेरिकेला जाऊ दे म्हणून. देवानं ऐकलं. त्याचं काय चुकलं न्हाई. माझ्याच तोंडानं मागितलं, माझं पोरगं माझ्यापासनं लांब ने. दर आठवड्याला उपाशी ऱ्हाऊन त्याचं उपकार मानलं. आता बास. उद्या पोटात काय घालायचं ते घालू देत. आज माझ्या तोंडानं सोडते."

मी म्हटलं, "पोरगं इथंच आहे की, हौसा. त्याच्याच घरात आहेस."

"व्हय," ती म्हणाली. "दोन शब्द बोलतो जाताना. आई, ओके ना."

मग ती नळी चोखायला लागली. दातांत जोर नव्हता, मी वाटीच्या कडेवर आपटून मगज काढून दिला. अर्धी वाटी अळणी आणि एका नळीचा मगज. एवढं गेलं आणि पोटात राहिलं. मी विचारलं, "लोखंड लागतंय का?"

"न्हाई. बर्फ लागतंय," ती म्हणाली. "पर गरम हाय."

बाहेर आलो तर अश्विनी दाराबाहेर. "खाल्लं?"

"अर्धी वाटी."

ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून विचारलं, "आईंना वार कळला का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांचा गुरुवार मोडला नाही मग. मोडला तो आपण मोडला."

उरलेल्या मटणाचं काय करायचं विचारायला लागली, परत फ्रीज करू का. मी म्हटलं, एकदा सुटलेलं परत गोठवत नाहीत. सगळं शिजवून ठेवलं. शुक्रवारी दवाखान्यातून आल्यावर कुणाला जेवायचं भान नव्हतं. शनिवार आला. रविवारी, कुणी हात लावेना म्हणून, मी पातेल्यातलं सगळं मागच्या अंगणात खड्डा काढून पुरलं.

ट्यूब बसवलीच. मी महेशकडून डॉक्टरणीला सांगितलं की काल हिनं तोंडानं खाल्लंय. ती म्हणाली, दॅट्स वंडरफुल, आणि हातमोजे घातले. त्यांच्या मापात अर्धी वाटी बसत नाही. ट्यूबमधून दुधासारखं पांढरं काहीतरी जायचं, त्याला ना वास ना वार. त्यावर ती थोडे आठवडे राहिली. तोंडानं परत काही मागितलं नाही. मी विचारायचो, अळणी करू का. ती म्हणायची, झालं माझं.

आता ह्या घरात काय चालतं ते लिहितो. हौसा गेल्यावर महेशनं देवाच्या फोटोशेजारी तिचा फोटो लावला. तो म्हणाला, आईचा गुरुवार आता आपण चालवायचा. आयुष्यात कधी त्यानं वार पाळला नव्हता, ऑफिसात काहीही खायचा. आता गुरुवारी उपास करतो, संध्याकाळी आईच्या फोटोला फुलं वाहतो, आणि त्या एका दिवशी लवकर घरी येतो. ती असताना लवकर आला असता तर फुलांचे पैसे वाचले असते. आम्ही चौकोनी टेबलावर बसून वरणभात खातो. तो म्हणतो, अण्णा, आईला बरं वाटत असेल. मी भात कालवतो.

तिला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. तिनं दार लावून मला सांगितलं. मी गप्प राहिलो, कारण तिनं दार लावायला सांगितलं होतं, आणि कारण त्या पोराला हे ऐकवलं तर त्याच्याकडं उरलेला तो एक दिवसही जाईल. असं मला वाटायचं. पण दर गुरुवारी माझ्या घशाखाली वरण उतरत नाही. जे तिनं स्वतःच्या तोंडानं सोडलं ते तिच्याच नावानं मला भरवतात. मेलेल्या माणसाचं तोंड बंद असतं म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालायचं का.

महेश हा अंक वाचत नाही. मंडळाचं म्हणून विकत घेतो, फोटोंची पानं बघतो. अश्विनी सगळं वाचते, जाहिरातीसुद्धा. तर अश्विनी, तू इथपर्यंत आलीस. मी तुला नाही म्हणालो होतो ते खोटं होतं. तिला वार ठाऊक होता. तुझ्यावर काही पाप नाही, ओढणी धुतलीस तेव्हाच ते गेलं असतं, असलं तर. महेशनं ट्यूबच्या कागदावर सही केली, तू त्या दिवशी तिच्या घासाच्या बाजूनं केलीस, पाण्यात हात घालून. नवऱ्याला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. मला जमत नाही, मी त्याचा बाप आहे.

तू काही सांगितलं नाहीस तरी चालेल. पण हा अंक आल्यावरच्या गुरुवारी माझ्या वाटणीची डाळ लावू नकोस. मी सकाळी फ्रीजरमधून लहान पाकीट काढणार आहे, नळीचं, आणि किचनच्या सिंकमध्ये गार पाण्यात घालणार आहे. महेश लवकर येईल. विचारेल, हे काय. मग मला जमवावं लागेल. त्या वेळी तू कॉलवर असलीस तर कॉलवरच राहा.